अंक नसलेली नाणी

घरातल्या जुन्या डब्यातून, देवघरातल्या ताटलीतून किंवा कपाटाच्या खणातून एक रुपयाची वेगवेगळ्या सालांची नाणी गोळा करा आणि वर्गात टेबलावर ओळीने मांडा. १९६२ साली निघालेले निकेलचे नाणे २८ मि.मी. व्यासाचे आणि १० ग्रॅम वजनाचे होते. १९७५ मध्ये तांबे-निकेलचे नाणे आले, त्याचे वजन ८ ग्रॅम. १९८३ मध्ये ते २६ मि.मी. व्यासाचे आणि ६ ग्रॅमचे झाले. १९९२ पासून पोलादी नाणे सुरू झाले, ते २५ मि.मी. आणि ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये व्यास २२ मि.मी. व वजन ३.७९ ग्रॅम झाले, तर २०१९ च्या मालिकेतले नाणे २० मि.मी. आणि ३.०९ ग्रॅमचे आहे. आता या ओळीत १९८८ पासून निघालेले पोलादी पन्नास पैशांचे नाणे ठेवा. तेही २२ मि.मी. व्यासाचे आणि ३.७९ ग्रॅमचेच आहे!

समजा, या सर्व नाण्यांवरचे आकडे पुसून गेले आणि दीड हजार वर्षांनी ती कोणाला तरी जमिनीत सापडली. त्या संशोधकाला ही एकाच किमतीची नाणी आहेत हे कसे कळेल? १० ग्रॅमचे नाणे तीन ग्रॅमच्या नाण्याच्या तिप्पट किमतीचे असावे, असे तो मानणार नाही का? आणि २०११ चा रुपया व १९८८ चे पन्नास पैसे ही दोन नाणी तो एकाच ढिगात टाकणार नाही का?

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील, म्हणजे साधारण इ.स. तिसऱ्या ते पाचव्या शतकातील नाण्यांचा अभ्यास करणारे लोक नेमक्या याच अडचणीत आहेत. फरक एवढाच, की त्या नाण्यांवर किमतीचे आकडे पुसले गेले असे नाही. बहुतेक नाण्यांवर ते कधी घातलेच नव्हते. ते नाणे हातात घेणाऱ्या माणसाला त्याची किंमत माहीत होती. लिहून सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

नाणे काय काय सांगते?

याचा अर्थ ही नाणी मुकी आहेत असा नाही. उलट इतकी बोलकी नाणी जगात थोडीच असतील. एक उदाहरण घेऊ.

आपल्यापुढे तांब्याचे, कळंकलेले, १८ मि.मी. व्यासाचे एक नाणे आहे. वजन अडीच ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा, डोक्यावर रत्नजडित पट्टा. भोवती लॅटिन अक्षरे, त्यांतून ‘कॉन्स्टँटिनुस’ हे नाव आणि सम्राटपदाचे ‘आउग’ (आउगुस्तुस) हे संक्षिप्त रूप वाचता येते. दुसऱ्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन लष्करी निशाणे, आणि भोवती ‘ग्लोरिया एक्सर्कितुस’, म्हणजे सैन्याचे वैभव, असा लेख. तळाशी आडव्या रेषेखाली ‘एस एम ए एन’ ही अक्षरे आणि शेवटी एक ग्रीक अक्षर.

चेहरा आणि नाव यांवरून राजा कळला : कॉन्स्टंटाइन. तळाच्या अक्षरांपैकी पहिली दोन ‘साक्रा मोनेता’ या शब्दांची आहेत. साक्रा म्हणजे पवित्र, अर्थात सम्राटाची, आणि मोनेता म्हणजे टांकसाळ. पुढची दोन अँटिओक या शहराची. हे शहर आजच्या तुर्कस्तानात, सिरियाच्या सीमेजवळ आहे. शेवटचे अक्षर टांकसाळीतल्या विभागाचा क्रमांक सांगते. पूर्वेकडील बहुतेक टांकसाळी त्यासाठी आल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरे वापरत. पश्चिमेकडील अनेक टांकसाळींत पहिला, दुसरा, तिसरा या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असत. नाणे हलक्या वजनाचे निघाले तर कोणत्या विभागाला जबाबदार धरायचे, हे अधिकाऱ्यांना त्यावरून समजे. आज त्याच अक्षरांमुळे संशोधकांची सोय झाली आहे.

आता साल. दोन सैनिकांमध्ये किती निशाणे आहेत ते मोजा. दोन असतील तर नाणे ३३० ते ३३५ या काळातले. एकच असेल तर साधारण ३३५ नंतरचे. निशाण एक झाले त्याच वेळी नाण्याचे वजन अडीच ग्रॅमवरून सुमारे १.६ ग्रॅमवर आले. चित्रातला हा बदल टांकसाळीने मुद्दाम केला असावा, म्हणजे जुने जड नाणे आणि नवे हलके नाणे यांतला फरक ओळखता येईल.

पाहा, कोणी पाडले, कुठे पाडले आणि पाचेक वर्षांच्या फरकाने कधी पाडले, हे सर्व एका बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावरून कळले. पण ‘या नाण्याला काय म्हणत आणि त्यात काय मिळे?’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर मात्र आपण अडखळतो.

नावे कुठून आली?

संग्रहालयातल्या पाट्या वाचल्या तर ही अडचण जाणवत नाही. तिथे ‘अँटोनिनियानुस’, ‘फॉलिस’, ‘सिलिक्वा’ अशी नावे ठसठशीतपणे लिहिलेली असतात. ही नावे कुठून आली ते पाहिले पाहिजे.

इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकाला याने चांदीचे एक नवे नाणे काढले. त्यावर राजाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट आहे. जुन्या दिनारीच्या, म्हणजे ‘देनारियुस’ या नाण्याच्या, सुमारे दीडपट चांदी त्यात होती. पण ते दोन दिनारींना चालवले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कारण पूर्वी इतर काही नाण्यांवर किरणांचा मुकुट दुपटीची खूण म्हणून वापरलेला दिसतो. या नाण्याला आपण अँटोनिनियानुस म्हणतो. त्या काळचे लोक काय म्हणत, त्याचा पुरावा नाही. हे नाव आले आहे नंतरच्या काळात लिहिलेल्या एका चरित्रसंग्रहातून, आणि तो ग्रंथ विश्वासार्हतेबद्दल मुळीच प्रसिद्ध नाही.

‘फॉलिस’ या शब्दाचा अर्थ पिशवी. नाण्यांनी भरलेल्या, तोंड बांधलेल्या थैलीला हा शब्द होता. नाणकशास्त्रज्ञांनी तो थैलीतल्या एका नाण्याला लावला. सुट्या नाण्याचा उल्लेख त्या काळात बहुधा ‘नुम्मुस’ असा होई, आणि त्याचा अर्थ नुसता ‘नाणे’ एवढाच आहे.

‘सिलिक्वा’ हे तर मुळात वजन. कॅरोब नावाच्या शेंगेच्या बीवरून ते घेतले आहे. आपल्याकडे सोनार गुंजेने सोने तोलत आणि आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा असा हिशेब करत, त्यातलाच हा प्रकार. रोमन पौंडाचा १७२८ वा भाग, म्हणजे सुमारे ०.१९ ग्रॅम, म्हणजे एक सिलिक्वा. हिरेमाणकांच्या मोजमापातला ‘कॅरट’ हा शब्दही याच बीच्या ग्रीक नावावरून आला आहे. चौथ्या शतकातल्या चांदीच्या पातळ नाण्याला हे नाव आधुनिक अभ्यासकांनी दिले. एक सिलिक्वा सोन्याइतकी त्याची किंमत असावी, हा त्यामागचा तर्क.

याच्या उलट प्रकारही आहे. रोमन कायद्यांच्या संग्रहात नाण्यांची नावे सापडतात, पण ती कोणत्या नाण्याची ते लिहिलेले नाही. ३४९ सालच्या एका कायद्यात ‘मायोरिना’ नावाच्या नाण्यांतून चांदी वेगळी काढणाऱ्या धातुकारांना शिक्षा सांगितली आहे. म्हणजे त्या नाण्यात थोडी तरी चांदी होती. ३४८ मध्ये निघालेल्या मोठ्या आकाराच्या ‘फेल टेम्प रेपारातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, अशा लेखाच्या नाण्यांत काही टक्के चांदी आढळते. तेव्हा मायोरिना ती हीच असावी, असा अंदाज करता येतो. ३९५ च्या कायद्याने मोठी नाणी बंद करून फक्त ‘सेंटेनिओनालिस’ चालू ठेवावे असे फर्मावले. पण सेंटेनिओनालिस म्हणजे नेमके कोणते नाणे, यावर अजून वाद आहेत. एका हातात नावांची यादी, दुसऱ्या हातात नाण्यांचा ढीग, आणि जोड्या लावा म्हणून दिलेला प्रश्न अर्धवट सुटलेला!

एकवीस आणि अकरा

काही नाण्यांवर आकडे आहेत. मग ते तरी किंमत सांगतात का?

तिसऱ्या शतकात साम्राज्यावर एकामागून एक संकटे आली. सैन्याचे पगार भागवण्यासाठी चांदीत तांबे मिसळत गेले. इ.स. २७० च्या सुमारास ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी दोन-तीन टक्केच उरली होती. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियन याने सुधारणा केली. नवे नाणे जरा जड आणि चांगल्या घडणीचे होते. त्यावर चांदीचा पातळ मुलामा होता आणि तळाशी रोमन अंकांत २१, म्हणजे ‘एक्स एक्स आय’, अशी खूण होती. काही टांकसाळींनी तीच संख्या ‘कॅपा’ आणि ‘आल्फा’ या ग्रीक अक्षरांत लिहिली.

या एकवीसचा अर्थ काय? कोणी म्हणाले, हे नाणे कसल्या तरी वीस लहान एककांबरोबर आहे. कोणी म्हणाले, वीस भाग तांबे आणि एक भाग चांदी असा मिश्रणाचा हा जाहीरनामा आहे. दोन्ही अर्थ संभवतात. मग निवाडा कसा करायचा?

इथे एक छोटा पुरावा उपयोगी पडला. ऑरेलियननंतर आलेल्या टॅसिटस या सम्राटाच्या (२७५-२७६) थोड्या नाण्यांवर २१ ऐवजी ११ हा अंक आहे. अंक मिश्रणाचे प्रमाण सांगत असेल, तर ११ च्या नाण्यात दहा भाग तांबे आणि एक भाग चांदी हवी. विद्यार्थ्यांना हे गणित करू द्या. एकवीस भागांत एक म्हणजे सुमारे ४.८ टक्के, अकरा भागांत एक म्हणजे सुमारे ९.१ टक्के. तर्क खरा असेल तर दुसऱ्या नाण्यात पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट चांदी सापडली पाहिजे. रासायनिक विश्लेषणात तसेच आढळले. आधी भाकीत, मग तपासणी आणि तिने तर्काला दिलेला दुजोरा : प्रयोगशाळेतली पद्धत इतिहासात कशी वापरतात, याचा हा नमुना आहे.

मात्र यातून एक गोष्ट निसटते, ती लक्षात घ्यावी. अंकाचा अर्थ लागला, पण तो धातूचा कस निघाला. बाजारातली किंमत नव्हे. पुढेही असेच दिसते. डायोक्लेशियन या सम्राटाने २९४ च्या सुमारास शुद्ध चांदीचे नाणे काढले. त्यावर ९६ हा रोमन अंक आहे. अर्थ, एका पौंड चांदीत अशी ९६ नाणी. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर ६० या संख्येसाठीचे ग्रीक अक्षर आहे. अर्थ, पौंडात ६०. टांकसाळीला धातूच्या हिशेबाची काळजी होती. आपल्याला हवा असलेला आकडा तिने दिला नाही.

दगडावरचा हुकूम

तो आकडा एका वेगळ्याच ठिकाणी सापडला. तुर्कस्तानातील अफ्रोडिसियास या प्राचीन शहराच्या उत्खननात एका शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि १९७१ मध्ये केनान एरिम, जॉइस रेनॉल्ड्स आणि मायकेल क्रॉफर्ड यांनी ते प्रसिद्ध केले. तो डायोक्लेशियनचा चलनविषयक हुकूम होता. १ सप्टेंबर ३०१ पासून नाण्यांची किंमत दुप्पट केल्याचे त्यातून कळते. चांदीच्या नाण्याची किंमत त्यात १०० दिनारी आहे. दगड फुटलेला असल्यामुळे सगळे आकडे पूर्ण वाचता येत नाहीत. पण मोठ्या तांब्याच्या नुम्मुसची किंमत साडेबारा दिनारींवरून पंचवीसवर गेली, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. इथे दिनार हे हिशेबाचे नाव म्हणून उरले होते. चांदीची जुनी दिनारी केव्हाच व्यवहारातून गेली होती.

या आकड्याचे एवढे महत्त्व का, ते आपल्याच व्यवसायाच्या उदाहरणाने पाहू. त्याच ३०१ सालाच्या अखेरीस डायोक्लेशियनने वस्तू आणि मजुरी यांच्या कमाल दरांचे प्रसिद्ध फर्मान काढले. त्यात शिक्षकांचे दर आहेत. मुलांना अक्षरओळख शिकवणाऱ्या शिक्षकाने एका मुलामागे महिन्याला जास्तीत जास्त ५० दिनारी घ्याव्यात. हिशेब शिकवणाऱ्याने ७५. ग्रीक किंवा लॅटिन भाषा व साहित्य शिकवणाऱ्याने २००, आणि वक्तृत्व शिकवणाऱ्याने २५०. शेतमजुराला जेवण देऊन दिवसाला २५. डुकराचे मांस एक पौंड १२ दिनारी. लष्करी मापाने एक माप गहू १०० दिनारी. न्हाव्याचे दोन.

तीस मुले असलेल्या प्राथमिक शिक्षकाला महिन्याला फार तर १५०० दिनारी मिळत, म्हणजे गव्हाची पंधरा मापे किंवा शेतमजुराचे साठ रोज. पण मजुराला वर जेवण होते, शिक्षकाला नव्हते. आता ही रक्कम नाण्यांत मोजू. नुम्मुस २५ दिनारींचा धरला तर एका मुलाची फी दोन नाणी आणि महिन्याची कमाई ६० नाणी. तोच साडेबाराचा धरला तर फी चार नाणी आणि कमाई १२० नाणी. जमिनीत पुरलेल्या एखाद्या गाडग्यात शंभर नुम्मुस सापडले, तर ती कोणाची किती दिवसांची पुंजी होती, याचे उत्तर या एका आकड्यावर अवलंबून आहे. आकडा चुकला की माणूस उगाच श्रीमंत होतो किंवा उगाच गरीब.

सोन्याच्या बाबतीत असे प्रत्यक्ष घडलेही. याच फर्मानातला एक पौंड सोन्याचा दर पूर्वी ५०,००० दिनारी असा मानला जात होता. ऐझानी या गावी फर्मानाची दुसरी प्रत उजेडात आल्यावर तो ७२,००० असल्याचे समजले. रोमन पौंड सुमारे ३२५ ग्रॅमचा धरला, तर आपल्या शिक्षकाची महिन्याची कमाई आधीच्या वाचनानुसार पावणेदहा ग्रॅम सोन्याइतकी होती. नव्या वाचनाने ती पावणेसात ग्रॅमवर आली. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या गुरुजींच्या मिळकतीला एका दगडाने कात्री लावली!

आक्रसत गेलेला नुम्मुस

डायोक्लेशियनचा नुम्मुस सुरुवातीला सुमारे १० ग्रॅमचा आणि २८ मि.मी. व्यासाचा होता, म्हणजे १९६२ च्या आपल्या रुपयाएवढा. पुढची कथाही रुपयासारखीच आहे, फक्त वेग भयंकर. ३०७ नंतर तो साडेसहा ग्रॅमच्या आसपास आला. ३१० नंतर साडेचार, ३१३ नंतर साडेतीनच्या खाली. ३३० मध्ये अडीच आणि ३३५ नंतर १.६ ग्रॅम. रुपयाला १० ग्रॅमवरून तीनवर यायला सत्तावन्न वर्षे लागली. नुम्मुस तीनच्या आसपास वीस-पंचवीस वर्षांतच पोचला.

यात किंमत मध्येच बदलली का? ३२१ च्या सुमारास पूर्वेकडचा सम्राट लिसिनियस याच्या नाण्यांवर एक चमत्कारिक खूण दिसते. दहासाठी ‘एक्स’, दोनसाठी दोन उभ्या रेघा आणि अर्ध्याची एक खूण : म्हणजे साडेबारा. हा आकडा मात्र कसाचा किंवा वजनाचा नसून किमतीचा दिसतो, आणि तो पंचवीसचा निम्मा आहे. नाण्याची किंमत अर्ध्यावर आणली गेली, असा त्याचा अर्थ लावतात. नेहमी गप्प राहणाऱ्या टांकसाळीने इथे एकदा तोंड उघडले, कारण लोकांना बदल कळवणे भाग होते. इतर बदलांच्या वेळी ती पुन्हा गप्पच आहे.

अशा परिस्थितीत चौथ्या-पाचव्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांना नाव काय द्यायचे? नाणकशास्त्रज्ञांनी शेवटी एक अगदी साधा तोडगा स्वीकारला. तांबे-काशासाठी लॅटिन शब्द ‘आएस’. त्याची पहिली दोन अक्षरे, रोमन लिपीतली ‘ए’ आणि ‘ई’, घेतली आणि पुढे आकाराचा क्रमांक लावला. २५ मि.मी. पेक्षा मोठे ते ‘एई १’. २१ ते २५ मि.मी. ते ‘एई २’. १७ ते २१ मि.मी. ते ‘एई ३’. १७ पेक्षा लहान ते ‘एई ४’. १९२३ ते १९९४ या काळात दहा खंडांत पूर्ण झालेल्या रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या बृहत्‌सूचीच्या उत्तरकाळाच्या खंडांत, तसेच कार्सन, हिल आणि केंट यांच्या १९६० च्या सूचीत, ही पद्धत रुळलेली दिसते.

पहिल्या नजरेला ही पद्धत रुक्ष वाटते. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ‘एई ३’ म्हणताना आपण फक्त मोजपट्टीने जे दिसले तेवढेच सांगतो. ‘सेंटेनिओनालिस’ म्हणताना एक तर्क सांगतो, आणि पाटीवर लिहिला की तो तर्क आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अर्थात मोजपट्टीच्याही मर्यादा विसरून चालणार नाही. ही नाणी हातोड्याने पाडलेली. एकाच ठशाची दोन नाणी २०.८ आणि २१.३ मि.मी. भरू शकतात. मग एक ‘एई ३’ आणि दुसरे ‘एई २’ होईल, पण बाजारात ती दोन्ही एकाच किमतीची होती. आणि नुम्मुस हे एकच नाणे चाळीस वर्षांत या सोपानाच्या वरच्या पायरीवरून अगदी खालच्या पायरीपाशी आले. म्हणून ‘एई’चा क्रमांक हा आकार समजावा, किंमत समजू नये.

सोन्याचे मात्र वेगळे

या सर्व घसरणीत एक नाणे स्थिर राहिले. कॉन्स्टंटाइनने ३०९ च्या सुमारास ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे काढले. एका पौंडात ७२, म्हणजे एक नाणे साधारण साडेचार ग्रॅम. हे प्रमाण पुढे सात शतके जवळपास टिकले. ३६८ च्या सुमारास सम्राट व्हॅलेन्टिनियन पहिला याच्या काळात सोन्याच्या नाण्यांवर ‘ओबी’ ही अक्षरे येऊ लागली. शुद्ध केलेल्या सोन्याला लॅटिनमध्ये ‘ओब्रिझुम’ म्हणत, त्याची ही आद्याक्षरे. शिवाय हीच दोन अक्षरे ग्रीक अंकपद्धतीने वाचली तर ७२ होतात!

सॉलिडस ओळखायला अडचण येत नाही आणि त्याच्या किमतीबद्दल वादही नाही. वाद आहेत ते तांब्याबद्दल. कर भरणे, अधिकाऱ्यांचे मोठे व्यवहार, जमिनीची खरेदी यांसाठी सोने होते. भाजी, भाकरी आणि रोजची मजुरी यांसाठी तांबे. सोने जागेवर राहिले आणि तांबे घसरत गेले, म्हणजे रोज तांब्यात कमावणाऱ्या माणसाला एक सॉलिडस जमवायला दरवर्षी अधिक नाणी द्यावी लागली. आपल्याला ज्या नाण्यांची नावे ठाऊक नाहीत, ती नेमकी या गरिबांच्या हातातली आहेत.

या गोंधळाचा शेवट ४९८ मध्ये झाला. सम्राट अॅनास्टेशियस याने तांब्याची नवी नाणी काढली आणि त्यांच्या मागील बाजूवर मोठ्या अक्षरांत किंमतच लिहिली. ग्रीक अंकपद्धतीने ‘एम’ म्हणजे ४० नुम्मुस, ‘के’ म्हणजे २०, ‘आय’सारखे दिसणारे अक्षर म्हणजे १०. ५१२ मध्ये त्यानेच या नाण्यांचे वजन दुप्पट केले. ४० चे नाणे साधारण ९ ग्रॅमचे होते, ते १८ च्या आसपास गेले. तरी आज अभ्यासकांचा गोंधळ उडत नाही, कारण दोन्हींवर ‘एम’ आहे.

आपल्या भागाशी नाते

उत्तर रोमन काळातली तांब्याची ही छोटी नाणी आपल्याकडेही आली आहेत. तमिळनाडूत करूर व मदुराई येथे आणि श्रीलंकेत फार मोठ्या संख्येने ती सापडली आहेत. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या जात. इतक्या दूर त्यांची रोमन किंमत कोण मानणार? इथे ती बहुधा किरकोळ मोड म्हणून वापरली गेली असावीत. म्हणजे एकाच नाण्याची किंमत अँटिओकला एक आणि मदुराईला दुसरी. आणि दिनारी? तिचे नाव नाण्यापेक्षा जास्त जगले. गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्याला ‘दीनार’ म्हटले आहे, आणि इंग्लंडात १९७१ पर्यंत पेनीसाठी ‘डी’ हे अक्षर लिहीत, तेही याच दिनारीचे.

एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी जुने नाणे निघाले तर एक सूचना आवर्जून द्यावी. तांब्याची भांडी घासतो तसे ते चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नये. ऑरेलियन किंवा डायोक्लेशियनच्या नाण्यावरचा चांदीचा मुलामा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच जाड असतो. एका घासण्यात तो जातो, आणि त्याबरोबर पुरावाही जातो. प्रयोगशाळेतही नुसत्या पृष्ठभागाचे विश्लेषण केले तर चांदी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. म्हणून अलीकडे अगदी बारीक छिद्र पाडून आतला धातू तपासतात.

वर्गासाठी प्रयोग सोपा आहे. वेगवेगळ्या सालांची वीस-पंचवीस भारतीय नाणी घ्या आणि प्रत्येकाच्या अंकावर कागदाचा तुकडा चिकटवा. गटागटाने व्यास व वजन मोजून, चुंबक लावून, चित्रे पाहून नाण्यांचे वर्ग पाडायला सांगा. प्रत्येक वर्गाला दोन रकाने असू द्या : एकात ‘मोजून कळलेले’ आणि दुसऱ्यात ‘आमचा अंदाज’. शेवटी कागद काढा. दुसऱ्या रकान्यात किती चुका निघाल्या हे विद्यार्थी स्वतःच मोजतील, आणि पहिल्या रकान्यात एकही का नाही याची चर्चा तिथून सुरू करता येईल.